चौकटीखालचा पट्टा

“बांध, पण शिवू नकोस. आठवड्यातून एकदा सोडायचा, आतून-बाहेरून धुवायचा, नळीवरून बोट फिरवायचं आणि मगच परत बांधायचा. एवढा नेम पाळणार असशील तर घेऊन जा. नाही तर राहू दे.”

मित्रांनो, हे शब्द माझ्याविषयी बोलले गेले होते. बोलणाऱ्या होत्या सायकली दुरुस्त करणाऱ्या मावशी. ऐकत होती औषधांची पेटी पोचवणारी एक मुलगी. आणि त्या दोघींच्या मध्ये, तेलाने काळ्या पडलेल्या टेबलावर, लांबीला हातभर आणि रुंदीला वीतभर असा जो रबराचा तुकडा पडला होता, तो मी.

पण त्याआधीचं सांगितलं पाहिजे. जन्मलो तेव्हा मी असा तुकडा नव्हतो, अखंड गोल होतो. गरम साच्यातून बाहेर आलो तेव्हा अंगाला गंधकाचा वास होता आणि पाठीवर एक आकडा उमटलेला होता. मालमोटारीच्या चाकात बाहेर टायर असतो, आत हवा भरलेली ट्यूब असते आणि मधोमध लोखंडी रिंग असते. ट्यूब नाजूक, रिंग खरखरीत. दोघींची गाठ पडली तर ट्यूब चार दिवसांत फाटायची. म्हणून त्या दोघींच्या मध्ये एक जाड रबरी पट्टा घालतात. त्याला फ्लॅप म्हणतात. तो मी होतो.

टायरला सगळे ओळखतात. ट्यूब पंक्चर झाली की तिचीही विचारपूस होते. माझं नाव मात्र गाडी चालवणाऱ्यालाही आठवत नसे. ट्यूब माझी शेजारीण, स्वभावाने जरा कुरकुरी. “काय हा उकाडा,” ती दर चढावर म्हणायची, “आणि तू आपला गप्प.” मी काय बोलणार? एका बाजूने तिची फुगलेली पाठ, दुसऱ्या बाजूने लोखंड. मधे राहणाऱ्याने बोलायचं नसतं, सोसायचं असतं, अशी माझी त्या वेळची समजूत होती. तशी नऊ वर्षं गेली. मग मालकाने चाकं बदलली. नव्या चाकांना ट्यूबच लागत नव्हती, तर पट्टा कुठून लागणार? मी मावशींच्या दुकानात एका खिळ्यावर येऊन लटकलो. तिथे दोन वर्षं माझ्यावर नुसती धूळ बसली.

आणि एक दिवस ती मुलगी आपली सायकल ढकलत दुकानात आली.

ती डोंगरातल्या वाटांसाठी केलेली सायकल होती. जाड दातेरी टायर, पुढे स्प्रिंगा आणि ॲल्युमिनियमची हलकी, निळी चौकट. डोंगरावर एक लहानसा दवाखाना आहे आणि खाली शहरात रक्त तपासायची प्रयोगशाळा. गाडीचा रस्ता डोंगराला मोठा वळसा घालून जातो आणि गाडीही आठवड्यातून एकदाच. मुलगी दगडी वाटेने सकाळी औषधं घेऊन वर जायची आणि रक्ताच्या बाटल्या पेटीत घालून दुपारच्या आत खाली आणायची. दुपार टळली की नमुने वाया. वरची माणसं तिला लाडाने ‘नमुनेवाली’ म्हणत. त्यावर “तुमच्यासारखे नमुने वाहायचे म्हणजे तशीच मुलगी लागते,” असं तिचं ठरलेलं उत्तर असे.

मावशींनी सायकल उलटी केली आणि चौकटीच्या खालच्या तिरक्या नळीवर बोट ठेवलं. हँडलपासून पेडलपर्यंत उतरत येते ती नळी. तिथला निळा रंग जागोजाग उडाला होता.

“हे बघ टवके. पुढचं चाक दगड उडवतं तो थेट इथे बसतो. पायरीसारखा खडक आला की चौकट स्वतःच त्यावर आपटते. आज रंग गेला, उद्या पोचा येईल आणि त्यानंतर तडा.”

“मग काय करू, मावशी? दगड वेचत जाऊ?”

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी खिळ्यावरून मला काढलं, कातरलं, नळीभोवती गुंडाळून बघितलं. माझा मधला जाड भाग खाली आला, जिथे दगड बसतात. दोन्ही कडा वरच्या बाजूला भेटल्या. तीन रबरी पट्ट्यांनी बांधून दाखवलं, मग सोडून मला टेबलावर ठेवलं. आणि मग ते सुरुवातीचे शब्द बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, “दगडाचा मार ऐकू येतो. पट्ट्याच्या आत शिरलेली वाळू ऐकू येत नाही. ती हळूहळू खाते. म्हणून सोडायचा.”

“नेम पाळीन,” मुलगी म्हणाली.

आणि तिने तो पाळला. आठवड्याच्या सुट्टीच्या सकाळी, घराच्या मागच्या पायरीवर एक बादली, एक जुना दात घासायचा ब्रश आणि फडकं घेऊन ती बसायची. आधी मला सोडायची, ब्रशने घासून उन्हात टाकायची. मग नळी पुसून डोळे मिटायची आणि बोटाचं टोक वरून खालपर्यंत सावकाश न्यायची. एखादी माउली झोपलेल्या लेकराचं कपाळ बघते, ताप नाही ना म्हणून, तसं. काही लागलं नाही की पुटपुटायची, “आहे, सगळं ठीक आहे.” मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी सोडून, धुऊन, ऊन दाखवून परत जागेवर ठेवत होतं. दगड बसायचे, खूप बसायचे. पण त्या एका सकाळीसाठी मला ते काही वाटत नसे.

घरात ती आणि तिचे बाबा दोघंच. बाबांचं चौकात बूट-चपला दुरुस्तीचं दुकान. त्यांचा टाका सगळ्या शहरात नावाजलेला होता. पण अलीकडे एका डोळ्याने त्यांना कमी दिसू लागलं होतं. लोक टाच ठोकून घ्यायला येत, पट्टा लावून घ्यायला येत. बारीक शिवणीचं काम मात्र मुकाट्याने दुसरीकडे जाऊ लागलं होतं. बाबा कुणाशी त्याबद्दल बोलत नसत. आपली आरी आणि रापी रोज तेल लावून पुसून ठेवत. आरी म्हणजे चामड्याला भोक पाडायची टोचणी आणि रापी म्हणजे ते कापायची रुंद पात्याची सुरी.

मी त्यांना मुळीच आवडत नसे. “एवढी देखणी सायकल आणि तिला या चिंध्या बांधल्यात,” ते म्हणायचे.

“चिंध्या नाहीत, बाबा. चिलखत आहे.”

“चिलखताला नाड्या असतात होय?”

एकदा उतारावर माझी पुढची पट्टी तुटली. मी लोंबलो आणि पुढच्या चाकाला घासलो. मुलगी पडली. पेटी वाचली, पण तिचं कोपर चांगलंच सोलवटलं. तिने त्याच दिवशी मावशींकडे जाऊन तिन्ही पट्ट्या नव्या घालून घेतल्या आणि विषय संपवला. बाबांच्या मनातून मात्र तो संपला नाही. लेकीच्या कोपराला औषध लावताना ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच तिला पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी आडवी झाली होती. बाबा दुकानातून लवकर आले. सोबत आरी, मेण लावलेला दोरा आणि चिकटवायचा डिंक. त्यांनी सायकल पायरीला टेकवली, माझ्या तिन्ही पट्ट्या काढून टाकल्या आणि माझ्या दोन्ही कडांना भोकं पाडायला सुरुवात केली. दुखलं, पण त्या हातात राग नव्हता. मग ते सुई ओवायला बसले. दोरा नेढ्याच्या बाजूने जाई. ते सुई उजेडाकडे धरत, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करत, पुन्हा चुकत. मी मोजलं नाही, पण बऱ्याच वेळाने दोरा आत गेला आणि त्यांच्या तोंडून एक लहानसा सुस्कारा निघाला.

तेव्हा मला दिसलं की मुलगी दारात उभी आहे. कधीपासून उभी होती कोण जाणे. पाऊल न वाजवता आत निघून गेली.

तासाभराने बाबांनी हाक मारली. “बघ गं, कसं झालंय.”

मी नळीवर पायमोज्यासारखा घट्ट बसलो होतो. वरच्या बाजूने एकसारखे, तांदळाच्या दाण्याएवढे टाके. मुलीने त्यावरून हात फिरवला. मावशींचे शब्द तिला आठवले असणारच. मला तर ते ऐकू येत होते. ती म्हणाली, “छान झालंय, बाबा. सायकलने बूटच घातलाय जणू.”

“बूटच,” बाबा खुशीत आले. “आता दगडाच्या बापालाही सुटायचा नाही.”

आणि इथे मला माझी चूक कबूल करायला हवी. मला गर्व झाला. दवाखान्यातल्या सिस्टर माझी शिवण बघायला बाहेर आल्या. वाटेवरची माणसं थांबून विचारू लागली. बाबा दुकानात येईल त्याला सांगत, “लेकीच्या सायकलला मीच शिवलाय, जाऊन बघा.” दोन जणांनी त्यांच्याकडे बारीक शिवणीचे बूटही आणून दिले. ज्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, त्या माझी अशी वाहवा चालली होती. मी फुलून गेलो आणि अंगाखाली काय चाललंय याकडे डोळेझाक केली.

सुट्टीच्या सकाळी मुलगी बादली घेऊन यायची. साखळी धुवायची, चाकं धुवायची. माझ्यावरून ओलं फडकं फिरवायची आणि टाक्यांपाशी हात थबकायचा. “पुढच्या आठवड्यात बघू,” असं म्हणून उठायची. असे किती पुढचे आठवडे गेले. पाण्याबरोबर बारीक वाळू वरच्या टोकातून माझ्या आत उतरत होती. उतरायची ती खाली पेडलपाशी साचायची. आधी सुटली असती, आता जायला जागा नव्हती. सायकल हादरली की मी ती वाळू चौकटीवर घासायचो. मित्रांनो, मीच घासायचो. जिला दगडापासून वाचवायला मला बसवलं होतं, तिला मी आतून कानसत होतो.

मग एक दिवस पायरीसारख्या खडकावर चौकट जोरात आपटली. बाहेरून मला साधा ओरखडाही उठला नाही. आत मात्र, झिजून पातळ झालेल्या जागी, नळीला पोचा पडला. थोड्या दिवसांनी त्या पोच्याच्या कडेला केसाएवढी रेघ उमटली. चढावर पेडल मारलं की ती रेघ उघडायची आणि मिटायची, आणि ‘किर्र’ असा आवाज यायचा.

“काय वाजतंय ते?” बाबांनी एकदा विचारलं.

“सीट असेल. तेल देते.”

“सीट अशी वाजत नाही. बुटाचा तळ आतून सुटला की असा आवाज येतो.”

“सायकल आहे ती बाबा, बूट नाही.”

तिने सीटला तेल दिलं, पेडलला दिलं, साखळीलाही दिलं. मावशींच्या दुकानावरून जायचं ती टाळू लागली. तिथे गेलं की माझी शिवण दिसणार, आणि मग बोलावं लागणार. मी सारी ताकद लावून ओरडत होतो, पण रबराचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

एके दिवशी वर दवाखान्यात सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं. “वरच्या घरांत ताप पसरलाय. कसला ते कळत नाही. उद्यापासून चार दिवस रोज नमुने खाली जायला हवेत, दुपारच्या आत. त्यावर औषध ठरणार. गाडी काही या आठवड्यात येत नाही. जमेल ना तुला?”

“जमेल,” मुलगी म्हणाली.

“बघ हं. तुझ्या भरवशावर त्यांना सांगते.”

“सांगा. शब्द देते.”

त्या दिवशी उतरताना ‘किर्र’ची ‘करकर’ झाली. अर्ध्या वाटेत, कड्याच्या बाजूचा तीव्र उतार सुरू होतो तिथे ती थांबली. खाली उतरली. उभ्या उभ्या तिने हँडल हलवून बघितलं. मग उरलेली सगळी वाट तिने सायकल हाताने धरून चालत उतरवली, प्रयोगशाळेत धापा टाकत पेटी दिली आणि तिथून सरळ मावशींच्या दुकानात आली.

मावशींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“हा कुणाचा हात?”

“बाबांचा.”

“टाका सुरेख आहे.” त्यांनी टेबलावरची कातरी उचलली, माझ्यापर्यंत आणली आणि परत खाली ठेवली. “मी नाही कापणार. बोलाव त्यांना.”

बाबा आले ते रापी घेऊनच आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. कदाचित तो आवाज ऐकल्यापासून त्यांना अंदाज आला असावा.

“दादा, उसवा,” मावशी म्हणाल्या.

एकेक टाका तुटत गेला. शेवटचा टाका तुटला तसा मी उघडलो आणि माझ्यातून मूठभर वाळू फरशीवर सांडली. खाली निळा रंग नव्हताच. उघडा, मळकट, घासलेला धातू होता, आणि त्यावर एक काळी रेघ. रेघ नळीला जवळजवळ अर्धा वेढा घालून आली होती.

बाबांना ती नीट दिसली नाही. त्यांनी बोट फिरवलं. बोट त्या रेघेवर अडकलं आणि तिथेच राहिलं.

“उद्याच्या उतारावर तुटली असती,” मावशी हळूच म्हणाल्या. कुणाला दोष दिल्यासारखं नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

“मी तिला जपायला गेलो होतो,” बाबा म्हणाले.

“मला ठाऊक होतं, बाबा.” मुलगी खाली बघत होती. “शिवायचा नाही हे मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तुम्ही शिवलात त्या दिवशीच मला ठाऊक होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सुई ओवत होतात तेव्हा मी दारात उभी होते.”

बाबांनी रापी टेबलावर ठेवली. मग ते म्हणाले, “अगं, तू बोलली असतीस तर माझा एक दिवस वाईट गेला असता. एकच दिवस. आणि ही तुटली असती तर?”

मावशींनी मध्येच विषय बदलला, आणि बरं केलं. वर माळ्यावर एक जुनी पोलादी चौकट होती, जड पण खणखणीत. सगळे भाग काढून त्यावर चढवायचे, एक-दोन भाग मागवायचे, म्हणजे चार दिवस. हिला जोड देऊन चालणार नाही का, असं बाबांनी विचारलं. “जोड देता येतो, दादा. पण त्या जोडावर मी हिला उतारावर बसू देणार नाही.”

नव्या चौकटीसाठी मावशींनी नवा पट्टा कातरला आणि नव्या पट्ट्यांचं एक बंडल मुलीच्या हातात दिलं. माझ्या कडांना आता भोकंच भोकं होती, त्यांतून वाळू शिरणारच. मी जमिनीवर पडून राहिलो. निळी चौकट भिंतीला टेकवलेली होती. तिने मला कधी एका शब्दाने दुखावलं नव्हतं, तेव्हाही नाही. मनातल्या मनात मी तिची क्षमा मागितली.

मित्रांनो, माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. जे जिवाभावाचं आहे त्यावर आवरण जरूर घाला, दगड कुणाला चुकलेले नाहीत. पण ते आवरण सुटेल असं ठेवा. अधूनमधून ते काढून, पुसून, खाली काय झालंय ते आपल्या हाताने बघा. आणि बघितल्यावर जे दिसेल ते सांगा. आपल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून झाकून ठेवलेली गोष्ट खाली झिजत राहते, हे मी माझ्या अंगाने शिकलो आहे.

मला वाटलं होतं, आता कचऱ्याच्या डब्यात जायचं. पण निघताना बाबांनी वाकून मला उचललं आणि काखोटीला मारलं. घरी आल्यावर त्यांनी लेकीला विचारलं, “उद्याचं कसं करणार?”

“चालत जाणार. पहाटे निघाले तर सकाळीच पोचेन. उतरायला दोन तास. दुपारच्या आत होतं.”

“चारही दिवस?”

“शब्द दिलाय मी.”

बाबांनी मान हलवली. तिचे चालायचे बूट खाली काढले, उलटे करून बघितले. तळ गुळगुळीत झाले होते. मग त्यांनी मला पाटावर पसरलं, माझ्या मधल्या जाड भागावर खडूने दोन पावलं काढली, आणि रापी चालवली. भोकं पडलेल्या कडा बाजूला गेल्या. माझे दोन तुकडे झाले, एक डावा, एक उजवा. रात्रीच्या जेवणाआधी मी तिच्या दोन्ही बुटांच्या तळाशी पक्का बसलो होतो. पुन्हा मधेच. या वेळी पाऊल आणि दगड यांच्या मध्ये.

पहाटे अंधुक उजेडात तिने बूट चढवले आणि खोलीत चार पावलं टाकली.

“कसं वाटतंय?” बाबांनी विचारलं.

“छा–” ती म्हणायला गेली आणि थांबली. “डाव्या पायाला टाचेपाशी टोचतंय, बाबा.”

“टोचतंय?”

“हो. बरंच.”

बाबांचा चेहरा उजळला. खरं तर एखाद्या कारागिराला असं ऐकून वाईट वाटायला हवं. “दे इकडे,” ते म्हणाले. त्यांनी बूट मांडीवर घेतला, आत बोट घालून चाचपलं, एका जागी वर आलेलं खिळ्याचं टोक त्यांच्या बोटाला सापडलं. ते ठोकून बसवलं, कानस फिरवली, पुन्हा चाचपलं आणि बूट तिच्या पुढे ठेवला.

ती परत चार पावलं चालली. “आता नाही टोचत.”

“नक्की?”

“नक्की, बाबा.”

तिने औषधांची पेटी पाठीला लावली, पट्टे आवळले आणि दार हलकेच ओढून घेतलं. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. चौक ओलांडून ती डोंगराच्या वाटेला लागली, आणि पहिला दगड माझ्याखाली आला.